आधी कुत्री दाखवा, मग पिल्लाचं बोलू



गेल्या दोन वर्षांत आपल्या जत-आटपाडीच्या पट्ट्यात एक नवा जोडधंदा कानावर यायला लागलाय. डाळिंबाला तेल्या आणि मर, द्राक्षाला अवकाळी, दुधाला दर नाही. मग कुणीतरी मोबाईलवर हिशोब पाठवतं. दोन जातिवंत कुत्र्या घ्या, एकीला सात-आठ पिल्लं, एका पिल्लाचे इतके हजार, आता तुम्हीच गुणाकार करा. हे एक टोक. दुसरं टोक असं की ज्याला वस्तीवर राखणीला कुत्रं पाहिजे तो फोटो बघून पैसे टाकतो. पिल्लू खोक्यात बसून रात्रीच्या गाडीनं येतं, चार दिवस बरं असतं, मग वांती आणि रक्ताची हगवण लागते, आणि आठव्या दिवशी बांधाला खड्डा काढावा लागतो. आमच्या शिवारात असे खड्डे मी बघितलेत.

ही दोन्ही टोकं एकाच दोरीची आहेत. त्या दोरीला अडीचशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात पहिल्यापासून शेतकरीच आहे. म्हणून आज पिकाची नोंद बाजूला ठेवून ही लिहितोय. लांब आहे, पण सवडीनं वाचा.

सुरुवात कुत्र्यापासून नाही, मेंढरापासून करावी लागते. इंग्लंडात लेस्टरशायर भागात डिशली नावाच्या ठिकाणी रॉबर्ट बेकवेल नावाचा शेतकरी होता. जन्म १७२५, मृत्यू १७९५. त्या काळी मेंढरं, गुरं एकत्रच चरायची, कोणत्या नराचं पिल्लू कुणाला ठाऊक नसायचं. बेकवेलनं नर वेगळे काढले आणि कोणता नर कोणत्या मादीला द्यायचा हे स्वतः ठरवायला लागला. त्याची लेस्टर मेंढी आणि लांबशिंगी गुरं नावाजली. पण त्याची खरी हुशारी दुसरीकडं होती. तो एडके विकायचा नाही, हंगामापुरते भाड्यानं द्यायचा. त्यामुळं आपल्या एडक्याची पिल्लं दुसऱ्याच्या कळपात कशी निपजतात हे त्याला बघायला मिळायचं. चांगली निघाली तर तो एडका परत वापरायचा. म्हणजे पैदास करणाऱ्याचा संबंध विक्रीबरोबर संपत नव्हता. दिलेल्या पिल्लाचं पुढं काय झालं हे बघणं हाच त्याच्या धंद्याचा पाया होता.

त्याची एक काळी बाजूही आहे. गुण लवकर पक्के व्हावेत म्हणून बेकवेल रक्तातल्या रक्तात पैदास करायचा. बाप-लेक, भाऊ-बहीण. त्यानं वाण झटकन एकसारखा होतो हे खरं, पण दडलेले दोषही तितक्याच झटकन दुप्पट होतात. त्याच्या लांबशिंगी गुरांचं मांस-चरबी वाढली, पण दूध आणि वेतं मागं पडली, आणि काही वर्षांत शॉर्टहॉर्न जातीनं त्यांना बाजूला सारलं. आपल्याकडं खिल्लारवाल्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. गावच्या वळूच्या कालवडी भरण्याजोग्या झाल्या की वळू बदलायचा, हे जुनी माणसं सांगतच आलीत.

शॉर्टहॉर्न गुरांची वंशावळीची वही १८२२ साली जॉर्ज कोट्स यानं छापली. कोणती गाय, कोणता बाप, कुणाच्या गोठ्यातली. गुरांची वही आधी आली, कुत्र्यांची नंतर. १८५९ साली न्यूकॅसलला कुत्र्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. शिकारीची पॉइंटर आणि सेटर जातीची कुत्री होती, आणि बक्षीस म्हणून बंदूक होती. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला आणि कुत्र्यांचीही वंशावळ छापली जायला लागली. आज आपल्याकडं पिल्लाबरोबर जे ‘पेपर’ मिळतात त्यांचं मूळ इथं आहे.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. वंशावळीचा कागद फक्त बाप कोण, आई कोण एवढंच सांगतो. आई पिंजऱ्यात आहे का अंगणात, तिला वर्षात किती वेळा व्यायला लावली, पिल्लाला जंताचं औषध दिलं का, यातलं काहीही त्या कागदावर नसतं. बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल खरं असलं तरी पिशवी कुठं भिजत पडली होती हे लेबल सांगत नाही, तसंच आहे हे. कुत्र्याची किंमत कामावरून सुटली आणि कागदावर चढली ती या काळात. राखण, शिकार, मेंढरं वळवणं यासाठी कुत्रं घेणारा माणूस आईबापाचं काम बघून घ्यायचा. शहरात हौसेनं घेणारा रंग आणि कागद बघायला लागला.

आता अमेरिकेत जाऊ. दुसरं महायुद्ध संपलं, शहरं वाढली, लोकांच्या हातात पैसा आला. घर, गाडी आणि जातिवंत कुत्रं असा थाट सुरू झाला. त्याच वेळी मिसूरी, कॅन्सस, आयोवा, नेब्रास्का या शेतीच्या राज्यांत लहान शेतकरी अडचणीत होता. तिथं पिल्लं हे नगदी पीक झालं. कोंबड्यांच्या खुराड्यात आणि सशांच्या पिंजऱ्यात कुत्र्या कोंबल्या गेल्या. सरकारच्या शेती खात्यानंच त्या वेळी या पिकाला उत्तेजन दिलं असं तिथल्या प्राणी संघटना सांगतात. कोंबडीवाल्याजवळ पिंजरे होते, खाद्याचा हिशोब होता, दलालाची गाडी दारात येत होती. पिल्लं दलालाकडं, दलालाकडून दुकानाकडं, दुकानातल्या काचेमागून गिऱ्हाइकाकडं. गिऱ्हाइकाला गुबगुबीत पिल्लू दिसायचं. त्याची आई हजार किलोमीटर लांब जाळीच्या फळीवर उभी असायची, ती कुणालाच दिसायची नाही.

हे ‘पपी मिल’ दुष्ट माणसांनी काढले असं समजू नका. तसं असतं तर हा इतिहास सोपा होता. ते काढले दराच्या मारानं वाकलेल्या शेतकऱ्यांनी. कोंबडी तोट्यात गेली, पिंजरा रिकामा झाला, आणि रिकाम्या पिंजऱ्यात काय भरता येईल याचं उत्तर दलालानं दिलं. आपण इमूचं बघितलं, कडकनाथचं बघितलं. त्यातही फसवणाऱ्याचं कसब कमी आणि आपली गरज जास्त होती.

कायदा आला, पण लंगडत आला. १९६६ साली अमेरिकेत प्राण्यांचा जो कायदा झाला त्याचं कारण वेगळं होतं, लोकांची पाळीव कुत्री चोरून प्रयोगशाळांना विकली जात होती. १९७० च्या दुरुस्तीत घाऊक पिल्लं पैदा करणारेही त्यात आले. परवाना आला, तपासणी आली. पण पिंजऱ्याचं माप किती ठरलं? कुत्र्याच्या लांबीला सहा इंच मिळवायचे, तेवढी लांबी आणि तेवढीच रुंदी. डोक्यावर सहा इंच मोकळी जागा. म्हणजे एखाद्या कुत्रीनं अख्खा जन्म स्वतःपेक्षा सहा इंच मोठ्या खोक्यात काढला तरी मालक नियमात बसतो. म्हणून कुणी ‘आमच्याकडं लायसन आहे’ म्हणाला की तेवढ्यावर भुलू नका. लायसन नसणं वाईट हे खरं, पण लायसन म्हणजे तळातली पायरी.

मिसूरीत २०१० च्या नोव्हेंबरात थेट मतदान झालं. एका मालकाकडं पैदाशीची जास्तीत जास्त पन्नासच कुत्री असावीत, त्यांना फिरायला जागा असावी, दोन वेतांमध्ये विसावा असावा, असा प्रस्ताव होता. शहरांनी बाजूनं मत दिलं, खेड्यांनी विरोधात. प्रस्ताव थोडक्यात निसटता पास झाला. शेतकरी संघटनांनी विरोध का केला? त्यांना भीती होती की आज कुत्र्याची संख्या ठरवली, उद्या आमच्या गाईंची आणि डुकरांची ठरवतील. भीती अगदीच खोटी म्हणता येणार नाही, शहराच्या कायद्याचा चटका शेतकऱ्याला नेहमीच आधी बसतो. पण पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, विधिमंडळानं ती पन्नासची मर्यादा काढून टाकली. मला यात वाईट एवढंच वाटतं की नीट गोठा ठेवणारे शेतकरी पिल्लांच्या कारखानदारांच्या पाठीशी जाऊन उभे राहिले. ज्यांच्यामुळं शेतकऱ्याचं नाव खराब होत होतं त्यांनाच शेतकऱ्याच्या नावाची ढाल मिळाली.

हीच गोष्ट ब्रिटनमध्ये वेल्स भागात घडली, आणि तिथं कारण दूध होतं. १९८४ साली युरोपात दुधाला कोटा लागला. ठरल्यापेक्षा जास्त दूध घातलं की दंड. पश्चिम वेल्सचे कार्मार्दनशायर, केरेडिगिऑन हे दुधाचे भाग. गाई कमी कराव्या लागल्या, गोठे रिकामे पडले, आणि जोडधंदा शोधा असा सल्ला वरून येत होता. काहींनी त्या गोठ्यांत कुत्र्या बांधल्या. पिल्लं व्यापाऱ्यामार्फत इंग्लंडच्या शहरांत जायला लागली. बघता बघता त्या हिरव्यागार भागाचं नाव पिल्लांच्या कारखान्यांशी जोडलं गेलं. चांगलं दूध काढणाऱ्या शेजाऱ्यालाही ते नाव चिकटलं.

तिथला कायदा पायरी पायरीनं वाढला. १९७३ मध्ये पैदास करणाऱ्याला परवाना लागला. १९९९ च्या कायद्यानं सांगितलं की वर्षाच्या आतल्या कुत्रीला नर दाखवायचा नाही, दोन वेतांमध्ये बारा महिने पाहिजेत, आणि जन्मात सहापेक्षा जास्त वेतं नाहीत. वेल्सनं २०१४ च्या नियमात वीस मोठ्या कुत्र्यांमागं एक माणूस ठरवला. तरी धंदा थांबला नाही. कारण विकणारा वेगळा आणि पैदास करणारा वेगळा होता. मधे व्यापारी होता, आणि व्यापाऱ्याच्या घरात पिल्लं होती पण आई नव्हती.

२०१३ साली वेल्समधल्या अशाच एका ठिकाणाहून एक कुत्री सोडवली गेली. जात कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल, नाव पुढं ठेवलं लुसी. पिंजऱ्यात राहून पाठीचा कणा वाकलेला, मागचे पाय आखडलेले, अंगावरचे केस गेलेले. वेतावर वेतं घेऊन निकामी झाली होती. २०१६ च्या डिसेंबरात ती मेली. मार्क अब्राहम नावाच्या पशुवैद्यानं तिचं नाव घेऊन मोहीम चालवली. ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडात तो नियम लागू झाला, लोक त्याला ‘लुसीचा कायदा’ म्हणतात. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू व्यापाऱ्यानं विकायचं नाही. ज्यानं पैदा केलं त्यानंच, जिथं जन्मलं तिथंच, आईसोबत दाखवून विकायचं. वेल्स आणि स्कॉटलंडनं २०२१ मध्ये तोच मार्ग धरला. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं २०१९ पासून दुकानांना कारखान्यातली पिल्लं विकायला बंदी केली.

एवढा सगळा प्रवास करून, एवढे कायदे करून, शेवटी शहाणी माणसं कुठं येऊन पोचली? ‘आई दाखवा’ या दोन शब्दांवर. आपल्या बाजारात हे दोन शब्द पहिल्यापासून आहेत. खरसुंडीच्या जत्रेत खोंड घेणारा जाणता माणूस दात बघतो, खूर बघतो, आणि शेवटी विचारतो, गाय कुठल्या गोठ्यातली? हेड्यानं उत्तर टाळलं की तो पुढं चालायला लागतो. शेळी घेताना आपण तिच्या आईचं दूध विचारतो. मग दहा-पंधरा हजारांचं पिल्लू फोटोवर कसं घेतो?

आई बघण्यामागं शास्त्रही आहे, तेही थोडक्यात सांगतो.

पहिलं, स्वभाव. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी बरीच वर्षं कुत्र्याच्या पिल्लांवर काम करून १९६५ साली त्याचं पुस्तक काढलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू माणसाला आणि जगाला ओळखायला शिकतं, हे त्यांनी दाखवलं. त्या वयात ज्यानं माणसाचा हात बघितला नाही ते पुढं भित्रं निघतं, आणि भित्रं कुत्रं चावतं. शिवाय किती जोरानं चावलं की दुखतं हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. चौथ्या आठवड्यात तोडून आणलेलं पिल्लू हा धडा चुकवतं. घरात लहान पोरं असतील तर ही गोष्ट हलकी घेऊ नका.

दुसरं, रोग. पार्वो नावाचा विषाणू जगात १९७८ साली उजेडात आला आणि दोनेक वर्षांत सगळीकडं पसरला. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून पडतो आणि जमिनीत महिनोन्महिने टिकतो. दहा ठिकाणची पिल्लं एका खोलीत कोंबली की पसरायला त्याला दुसरं काही लागत नाही. लागण झाल्यापासून लक्षण दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. म्हणून तर विकताना पिल्लू उड्या मारतं आणि तुमच्या दारात येऊन पडतं. आईला लस दिलेली असेल तर तिच्या चिकातून पिल्लाला पहिले काही आठवडे संरक्षण मिळतं. वासराला पहिल्या तासात चीक पाजायचा आपला नियम आहे ना, तोच हा नियम.

तिसरं, हाडं. लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड अशा वजनदार जातींत मागच्या खुब्याचा सांधा सैल राहण्याचा दोष आईबापाकडून येतो. पिल्लू लहानपणी ठीक दिसतं, दोन वर्षांनी मागून लंगडायला लागतं. अमेरिकेत १९६६ पासून एक संस्था खुब्याचे एक्स-रे तपासून दर्जा लिहून देते, आणि पक्का दर्जा चोवीस महिन्यांनंतरच देते. गंमत म्हणजे ही संस्था मिसूरीतच आहे. एकाच राज्यात पिल्लांचे कारखानेही आणि सांधे तपासून मगच जोडी लावणारे पैदासकारही. माती एक असली तरी दोन बांधांवरचं पीक वेगळं निघतं ते असं.

आता आपल्याकडं. आपलं कुत्रं म्हणजे कारवान. लांब केसांचं असेल तर पश्मी म्हणतात. जमखंडी ओलांडून गेलं की त्याचंच नाव मुधोळ. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्याला राजाश्रय दिला आणि विलायतेपर्यंत त्याचं नाव नेलं. पण राजानं नाव केलं तरी वाण टिकवला धनगरांनी आणि शेतकऱ्यांनी. माझ्या वडिलांच्या वेळी पिल्लाचा बाजार नव्हता. चांगली कुत्री व्याली की चार वस्त्यांवर बातमी जायची. पिल्लू मागायला येणाऱ्याला आधी कुत्रीपुढं उभं करायचे आणि विचारायचे, तुझ्याकडं काम काय, खायला काय घालणार? पायली-दोन पायली जोंधळा आणि नारळ यावर पिल्लू जायचं. पुढं जत्रेत गाठ पडली की पिल्लाची चौकशी व्हायची. बेकवेलचं नाव आमच्या वस्तीवर कुणी ऐकलेलं नव्हतं, पण दिलेल्या पिल्लावर डोळा ठेवायची रीत तीच होती.

२००५ साली टपाल खात्यानं मुधोळचं तिकीट काढलं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संस्थेनं राजपालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ या कुत्र्यांच्या जाती अधिकृत नोंदवल्या. सैन्यानं पिल्लं नेली. ३० ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी नाव घेतलं. अभिमानाची गोष्ट आहे. पण मागणी वाढली की काय होतं हे मिसूरीनं आणि वेल्सनं दाखवलंय. शर्यतीच्या नादात ग्रेहाउंडचा संकर करून कारवान म्हणून खपवणारे आपल्याच भागात आहेत. मुधोळ तालुक्यात तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. मुधोळ घ्यायचा विचार असेल तर मोबाईलवर बोट फिरवण्याआधी तिथं एक चक्कर मारा, खरा वाण कसा दिसतो हे डोळ्यात बसेल.

आपला कायदाही माहीत असू द्या. केंद्र सरकारनं २०१७ च्या मे महिन्यात कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम काढले. विक्रीसाठी पैदास करणाऱ्यानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करायची. कुत्री १८ महिन्यांची झाल्याशिवाय नर दाखवायचा नाही, ८ वर्षांनंतर पैदास बंद, जन्मात जास्तीत जास्त ५ वेतं. ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. विकलेल्याची नोंद ठेवायची.

आता त्या मोबाईलवरच्या गुणाकाराशी हे ताडून बघा. बहुतेक जातींची कुत्री सहा-सात महिन्यांनी माजावर येते. गाभणकाळ ६३ दिवसांचा. १८ महिन्यांपासून ८ वर्षांपर्यंत प्रत्येक माज पकडला तर अकरा-बारा वेतं होतात. नियमात बसतात पाच. गुणाकारातला ‘नफा’ आहे तो या वरच्या सहा-सात वेतांत आहे, आणि ती वेतं कुत्रीच्या हाडातून निघतात. नर दाखवल्यापासून पिल्लू विकण्याजोगं होईपर्यंत ६३ आणि ५६ मिळून ११९ दिवस, म्हणजे चार महिने. त्यात आईचा खुराक, लशी, जंताची औषधं, अडली तर डॉक्टर, न विकली गेलेली पिल्लं सांभाळणं, आणि म्हातारी झालेली कुत्री मरेपर्यंत पोसणं. हा सगळा खर्च धरून नीट पैदास करणाऱ्याच्या हातात फार काही उरत नाही. हौस आणि वाणाची माया असेल तरच हे काम करावं. कर्ज फेडायला करायचं हे काम नव्हे.

मग चांगला पैदासकार ओळखायचा कसा? माझा हिशोब असा.

तो तुम्हाला घरी बोलावतो. बसस्टँडवर, टोलनाक्यावर किंवा ‘अर्ध्या रस्त्यात भेटू’ म्हणत नाही. पिल्लं आईजवळ दाखवतो. आई खरी का हेही बघा. व्यालेल्या कुत्रीचे सड लोंबलेले असतात, पिल्लं तिच्याकडं धावतात, ती पिल्लांना हुंगते. कोरड्या सडाची दुसरीच कुत्री बांधून ‘ही आई’ म्हणणारे आहेत. आई अंगानं बारीक असली तर समजू शकतो, दूध पाजते आहे. पण ती माणूस बघून कोपऱ्यात दबत असेल, अंगाला जखमा असतील, तर तिथून निघा.

त्याच्याकडं एक किंवा दोन जाती असतात. ज्याच्याकडं आठ जातींची पिल्लं बारा महिने तयार मिळतात तो पैदासकार नव्हे, तो हेडी. चांगल्या माणसाकडं बहुतेक वेळा पिल्लू नसतंच. तो सांगतो, दिवाळीनंतर कुत्री व्यायची आहे, तेव्हा या. थांबायची तयारी ठेवा.

लसीची पुस्तिका हातात घेऊन वाचा. लसीच्या बाटलीवरची पट्टी चिकटवलेली पाहिजे, तारीख पाहिजे, डॉक्टरांची सही-शिक्का पाहिजे. पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांपर्यंत, आणि तीन महिन्यांनंतर रेबीज. पाच आठवड्यांच्या पिल्लाची ‘सगळी लस पूर्ण’ असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे हे वहीशिवाय कळतं. नोंदणीचा कागद मागा. मोठ्या जातीचं असेल तर आईबापाच्या खुब्याचा एक्स-रे विचारा.

आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे तो तुम्हालाच प्रश्न विचारतो. जागा किती, उन्हाळ्यात सावली कुठं, घरात कोण असतं, साखळीला बांधून ठेवणार का? वाणाचे दोष स्वतःहून सांगतो. कारवान सुटं कुत्रं आहे, बांधलं की बिघडतं, शेजाऱ्याच्या कोंबडीवर जाईल, हे सांगेल. काही कारणानं सांभाळणं जमलं नाही तर परत आणा, दुसऱ्याला देऊ नका, हे लिहून देईल. ज्याला फक्त ‘आजच टोकन टाका, दोनच राहिलीत’ एवढंच बोलता येतं त्याच्याकडं पाठ फिरवा.

एक अवघड गोष्ट. अशा ठिकाणी गेलात आणि आजारी पिल्लू बघून जीव तुटला, तरी कीव येऊन विकत घेऊ नका. तुमचे पैसे मिळाले की तो पिंजरा आठ दिवसांत भरतो आणि कुत्री परत नराखाली जाते. त्याऐवजी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा, जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडं लेखी तक्रार द्या. फोटो, तारीख, ठिकाण द्या.

आणि नुसती राखणच पाहिजे असेल तर जातीचा हट्ट कशाला? गावठी कुत्रं आपल्या उन्हात टिकतं, भाकरीवर राहतं, रात्रभर जागतं. गल्लीत व्यालेल्या कुत्रीचं दोन महिन्यांचं पिल्लू उचला, लस द्या, वेळेवर नसबंदी करा. आई तर तुमच्या डोळ्यासमोरच आहे.

जी पोरं हा धंदा सुरू करायचा विचार करतायत त्यांना माझं सांगणं एवढंच. पहिल्या गिऱ्हाइकाला गोठ्याच्या आत नेऊन कुत्री दाखवता येईल का, हे आधी स्वतःला विचारा. दाखवता येत असेल तर जरूर करा, चांगल्या कारवानच्या घरांची आपल्याकडं गरज आहे. नसेल तर करू नका. वेल्सच्या दुधाच्या मुलखाला लागलेला डाग चाळीस वर्षांत पुसला गेला नाही. आपला माणदेश खिल्लार आणि माडग्याळ मेंढीच्या नावानं ओळखला जातो. ते नाव पुढच्या पिढीच्या हातात तसंच स्वच्छ द्यायचंय.

येत्या रविवारी ज्वारीवरच्या लष्करी अळीची नोंद टाकतो. राम राम.